मराठीत वाचून दाखवा, मॅडम

शेषेराव गेल्याची बातमी मला तीन दिवस उशिरा कळली. त्यांच्या पुतण्यानं ती मेलनं पाठवली होती, एकदम चाळीसेक लोकांना, विषयाच्या जागी काहीच न लिहिता. आमच्या ऑफिसच्या मेल सर्व्हरनं ते पत्र संशयास्पद ठरवलं आणि बाजूच्या खोक्यात टाकून दिलं. लॉटरी लागल्याच्या आणि टकलावर केस उगवण्याच्या पत्रांमध्ये ते तीन दिवस पडून राहिलं. ते खोकं मी दर सोमवारी उघडून बघते. सोमवारी उघडलं, पत्र वाचलं आणि... खरं सांगायचं तर पहिल्यांदा दुःख झालं नाही. पहिल्यांदा वाटलं, आता शेषेरावांना फोन करून विचारायला हवं की हे कोणत्या नियमानं अडलं असेल. मग लक्षात आलं, फोन करायचा तो माणूसच गेलाय. दुःख दुपारी आलं, जेवणाचा डबा उघडल्यावर, आणि आल्यावर बराच वेळ गेलं नाही.

वाचकांपैकी कुणी त्यांना ओळखत असण्याचं कारण नाही. लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये ते सर्व्हर सांभाळायचे. तेव्हा शहरात गल्लोगल्ली होस्टेलं निघाली होती, होस्टेलखाली मेस, मेसशेजारी झेरॉक्स, आणि रिकामी दिसेल त्या भिंतीवर गेल्या वर्षी नंबर आलेल्या पोरांचे फोटो. "भूकंपात जे पडलं न्हाई ते ह्या क्लासवाल्यांनी पाडून नवं बांधलं," असं शेषेराव म्हणायचे, आणि त्याच क्लासवाल्यांचा पगार घ्यायचे. ते आले होते प्रश्नपत्रिका छापायच्या विभागात. मशीन बंद पडलं की उघडून बघायचं, एवढ्या भांडवलावर त्यांनी आधी कॉम्प्युटर शिकून घेतला, मग नेटवर्क आणि मग मेल सर्व्हर. जिन्याखालच्या ज्या खोलीत पूर्वी मोडके पंखे ठेवायचे, तिथं एसी बसवून सर्व्हर ठेवला होता. शेषेराव दिवसभर त्या गारव्यात बसत, त्यामुळे भर मे महिन्यात स्वेटर घालून फिरणारा लातुरातला तो एकटा माणूस होता. पोरं मागून हसायची. ते म्हणायचे, हसू द्या, परीक्षेच्या आधी तेवढंच हसून राहिलेत.

मी गणितात बीएस्सी आणि कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून तिथं लागले. आमच्या इमारतीत शिकवणारे, न शिकवणारे, पाण्याची टाकी बघणारे, सगळेच सर. मीही पहिल्या दिवशी त्यांना सर म्हटलं. "मी काय शिकवतो? मी तारा जोडतो. सर नका म्हणू," असं त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं. मग मी भाऊ म्हणायला लागले. मला मात्र ते शेवटपर्यंत मॅडम म्हणत राहिले, माझी त्यावर हरकत ऐकूनसुद्धा.

मेलचं काम आमच्याकडं कसं आलं ते सांगायला हवं. तेव्हा खेड्यातून आलेल्या बहुतेक मुलांचा स्वतःचा मेलचा पत्ता नसे. प्रवेशाच्या फॉर्मवर तर पत्ता लागायचाच. म्हणून क्लासनं प्रत्येक मुलाला आपल्या सर्व्हरवरचा एक पत्ता दिला होता. निकाल, हॉल तिकीट, पुढं कोणत्या कॉलेजात जागा मिळाली ती पत्रं, सगळं आमच्या जिन्याखालच्या खोलीत येऊन पडे, आणि तिथून ऑफिसातल्या बाई गावी फोन करून सांगत. पालकांना आमचं सांगणं एकच असे: तुम्ही काळजी करू नका, मेल आला की आम्ही फोन करू. लोक त्यावर विश्वास ठेवून शेतात कामाला जात.

आता मेल सर्व्हरला नको ती पत्रं अडवायला नियम लिहून द्यावे लागतात. एका फाईलमध्ये एकाखाली एक. पत्र आलं की सर्व्हर वरून खाली वाचत जातो, पत्राचा विषय किंवा पाठवणाऱ्याचा पत्ता नियमातल्या नमुन्याशी जुळतो का बघतो, आणि जो पहिला जुळेल तो लावून मोकळा होतो. त्याच्या खालचे नियम तो वाचतच नाही. नमुना लिहायची भाषा चिन्हांची. टिंब म्हणजे कोणतंही एक अक्षर, टिंबाला चांदणी जोडली की मधे काहीही असो, कितीही असो. सुरुवातीची एक खूण असते, शेवटाची एक. त्या लावल्या नाहीत तर नमुना पत्रात कुठंही, कशाच्याही पोटात जुळतो. शेषेराव ह्याला टोकं बांधणं म्हणायचे. मी नवीन असताना सेलच्या जाहिराती अडवायला एक नियम लिहिला आणि टोकं बांधली नाहीत. दुसऱ्या दिवसापासून क्लासमधल्या सगळ्या भोसल्यांचे मेल बंद. फिजिक्सचे भोसले सर तर मालकांकडं तक्रार घेऊन गेले की आपल्या विरुद्ध काहीतरी शिजतंय. शेषेरावांनी इंग्रजीत भोसले लिहून माझ्यासमोर ठेवलं, शेवटच्या चार अक्षरांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, सेल ह्यांच्या पोटात हाय. आता ह्यांनी काय नाव बदलावं का?"

त्या दिवसापासून त्यांची एक पद्धत मला लागू झाली. कोणताही नियम लिहिला की तो मराठीत वाचून दाखवायचा. चिन्हं नाही वाचायची, अर्थ वाचायचा, शेजारच्या माणसाला समजेल असा. "ज्या पत्राचा विषय अमुक शब्दानं सुरू होतो आणि तिथंच संपतो, ते अडवा आणि पाठवणाऱ्याला परत कळवा." असं सरळ वाचता आलं तर नियम ठीक. अडखळलात तर नियम चूक, मग तो कितीही चालत असो. मला हे पोरकट वाटायचं. पण सर्व्हरवर काहीही अडकलं, कुणाचं पत्र आलं नाही, कुणाचं दोनदा गेलं, की ते खुर्ची मागं सरकवून डोळे मिटत आणि मी फाईल मराठीत वाचत जाई, आणि निम्म्या वेळा चूक माझ्याच तोंडून बाहेर पडे.

एका वर्षी जून संपता संपता आमच्या मुलांच्या पत्त्यांवर दलालांची पत्रं यायला लागली. डायरेक्ट ॲडमिशन, खात्रीची सीट, लगेच संपर्क करा. कुठून तरी आमची यादी त्यांच्या हाती लागली होती. एका पालकानं मालकांना येऊन जाब विचारला आणि मालक जिना उतरून आमच्या खोलीत आले. आजच्या आज हे बंद झालं पाहिजे. शेषेराव तेव्हा माहूरला गेले होते, भाच्याचं जावळ होतं. मी एकटी होते. मी नियम लिहिला: आधी ॲडमिशन हा शब्द, मग टिंब आणि चांदणी, मग सीट. घाईचं काम म्हणून तो फाईलीच्या अगदी वर ठेवला. परत कळवायला गेलो तर दलालांना आपला पत्ता चालू असल्याचं समजेल, म्हणून पत्र गुपचूप टाकून द्यायचं, पाठवणाऱ्यालाही सांगायचं नाही, असं लिहिलं. मग दलालांचीच पाच पत्रं घेऊन तपासून पाहिलं. पाचही अडली. मालक खूश झाले. मीही खूश झाले. शेषेराव परत आल्यावर मी त्यांना सांगितलं, एक नियम टाकलाय, चालतोय. ते प्रवासानं दमले होते, बरं म्हणाले. मराठीत वाचून दाखवा, असं त्या एका वेळी म्हणाले नाहीत.

महिन्याभरानं सुवर्णा आली. किल्लारीच्या पलीकडच्या एका गावातली मुलगी, वडील ज्ञानोबा शेतकरी, स्वतःची जमीन कसणारे, घरातलं दहावीच्या पुढं गेलेलं हे पहिलंच पोर. सोबत वडील होते आणि हातात सगळी मूळ कागदपत्रं, प्लास्टिकच्या पिशवीत. ती म्हणाली, "मॅडम, मैत्रिणीला दुसऱ्या राउंडचा मेल आला. तिचे मार्क माझ्याहून कमी हायेत. मला का आला न्हाई?" मी तिचा मेलचा डबा उघडला, त्यात काही नव्हतं. मग प्रवेशाची यादी उघडली. तिचं नाव होतं. मेडिकलला जागा मिळाली होती, आणि हजर व्हायची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती. ज्ञानोबा माझ्याकडं बघत होते, काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं. त्यांनी विचारलं, "पत्र आलं न्हाई म्हणजे जागा न्हाई असंच ना?" मी म्हटलं, बघते मी काका, आणि त्यांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं.

शेषेरावांनी लॉग काढला. आलेल्या प्रत्येक पत्राचं काय झालं याची ओळ सर्व्हर त्यात लिहून ठेवतो. सुवर्णाचा पत्ता शोधला. पत्र आलं होतं, दुपारी, व्यवस्थित. आणि पुढं लिहिलं होतं, टाकून दिलं. तशीच अजून दहा मुलांची पत्रं निघाली. ते दहाजण लातुरातच राहणारे, त्यांनी यादी स्वतः पाहिली होती, पोचले होते. फोनची वाट बघत गावी बसलेली फक्त सुवर्णा. शेषेरावांनी खुर्ची मागं सरकवली आणि म्हणाले, "वाचा."

मी वाचलं. "ज्या पत्रात आधी ॲडमिशन आहे, मग काहीही आहे, मग सीट आहे..." आणि थांबले, कारण सरकारी पत्राचा विषय समोर दिसत होता. त्यातही आधी ॲडमिशन होतं, मधे राउंडचा नंबर होता आणि पुढं सीट होती. ती पत्रं जाऊ द्या असा शेषेरावांनी फार पूर्वी लिहिलेला नियम फाईलीत होता, पण तो खाली. माझा वर. सर्व्हर तिथपर्यंत पोचलाच नव्हता.

"पुढचं बी वाचा," ते म्हणाले.

"...ते पत्र टाकून द्या."

"आन?"

"आणि कुणाला सांगू नका."

त्यांनी लगेच तो नियम काढला, सर्व्हर पुन्हा चालू केला, आणि एक चांगलं पत्र स्वतःला पाठवून ते येतंय हे पाहिलं. जे अडायला हवं ते अडतं का, एवढंच मी तपासलं होतं. जे अडू नये ते नीट जातं का, हे तपासायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजही माझ्या हाताखाली येणाऱ्या मुलामुलींना मी पहिली गोष्ट हीच सांगते. कुठून शिकले ते सांगत नाही.

मालकांनी त्या संध्याकाळपर्यंत बरेच फोन केले, पण मुदत गेली ती गेली. मग त्यांनी ठरवलं की पालकांना सांगायचं, वरूनच मेल आला नाही, सरकारी घोळ आहे, पुढच्या वर्षी फी न घेता शिकवू. सुवर्णा आणि ज्ञानोबांना तसंच सांगून गावी पाठवलं गेलं. मी तिथं उभी होते. मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषेराव स्वेटर न घालता आले. खोलीत बसले आणि त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी आधी कधी सांगितली नव्हती. ते भूकंपाच्या पट्ट्यातलेच. त्र्याण्णव साली बारावी होऊन घरी होते. घर पडलं, माणसं वाचली. अक्षर चांगलं म्हणून मदतीच्या मांडवात त्यांना टेबलावर बसवलं. जखमींची यादी करायची: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, कुठल्या दवाखान्यात पाठवलं. विचारायला येणाऱ्यांना यादीत बघून सांगायचं. शेजारच्या गावची एक बाई आली, इंदुबाई, मुलगा शोधत. बालाजी माधव, आणि पुढं आडनाव. शेषेरावांनी यादी पाहिली. नाव, वडील, आडनाव, तिन्ही जुळलं. "हाय, जिता हाय, सोलापूरला नेलंय," त्यांनी सांगितलं. बाई मिळेल त्या ट्रकनं सोलापूरला गेली.

"आमच्याकडं थोरल्या आज्याचं नाव ठेवायची रीत," शेषेराव म्हणाले. "एका भावकीत दोन चुलतभाऊ, दोघं बी माधव. दोघांनी बी पोराचं नाव देवावरून ठेवलेलं, बालाजी. गावात कुणी चुकत नव्हतं. एक इहिरीवरचा बालाजी, एक माळावरचा बालाजी. माझ्या यादीत तो रकानाच नव्हता मॅडम. मला म्हाईत होतं गावात असं असतंय. तरी बी मी विचारलं न्हाई, कोणता बालाजी म्हणून."

सोलापूरला होता तो दुसरा. इंदुबाईला परत यायला दोन दिवस लागले. तोवर तिचा मुलगा भिंतीखाली सापडला होता आणि बाकीच्यांबरोबर त्याला अग्नी दिला गेला होता. तिला त्याचं तोंड बघायला मिळालं नाही. "ती टेबलापाशी आली. मला लांबूनच दिसली. मी उठून टँकरकडं गेलो, पाणी प्यायला. दुसऱ्यानं सांगितलं तिला." मग ते म्हणाले, "आठ-दहा वर्षं होती ती त्यानंतर. नव्या गावात घर मिळालं होतं तिला. माझ्या बहिणीच्या घरापासून चालत जाता येतंय एवढं. आज जाऊ, दिवाळीला जाऊ करून राहिलो... आन गेली ती."

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "मी आत्ता ज्ञानोबाच्या गावाला जाऊन राहिलो. साडेदहाची यष्टी हाय, किल्लारीपासून पुढं जीप मिळते. येता का?"

मी म्हटलं, "आज टेस्ट आहे ना भाऊ, निकाल लावायचेत."

टेस्ट खरंच होती. पण निकाल दुसरं कुणीही लावू शकलं असतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मला भीती वाटत होती. नोकरीची वाटत होती, त्याहून जास्त ज्ञानोबांच्या नजरेची. "बरं," असं म्हणून शेषेराव गेले. संध्याकाळी परतले. मी विचारलं, सांगितलं का? "सांगितलं." काय म्हणाले ते? "चहा दिला." एवढंच. मी पुढं विचारलं नाही, कारण पुढचा प्रश्न मला माझ्याबद्दल विचारायचा होता. त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं असणार, असं मी धरून चालले. तसं धरणं मला सोयीचं होतं. माणसं मोठ्या मनाची असतात असं मानलं की आपलं बरंच काम वाचतं.

मालकांना हे चार दिवसांत कळलं. गावात जाऊन कबुली द्यायला कुणी सांगितलं होतं, असा आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला. शेषेरावांना काढलं नाही, कारण सर्व्हर दुसऱ्या कुणाला येत नव्हता. तेच दिवाळीनंतर सोडून गेले. नांदेडला एका शाळेच्या संस्थेत त्यांना काम मिळालं, बायको कुसुमवहिनींचं माहेरही तिकडंच. जाताना त्यांनी मला फाईलीतला एकेक नियम समजावून दिला, दोन दिवस लागले. त्यांच्या खुर्चीवर मी बसले. पुढं विभागप्रमुखही झाले.

नंतरच्या बारा-तेरा वर्षांत आमचं बोलणं व्हायचं ते कामाचंच. एखादा नमुना जुळत नसला की मी त्यांना पाठवायची, आणि उत्तर एका ओळीत यायचं. टिंबाच्या आधी उलटी तिरकी रेघ द्या, न्हाईतर ते टिंब राहत न्हाई. विषयात दोन शब्दांमधे दोन जागा सुटल्यात, तुम्ही एकच धरली. एकदा मी अर्धा दिवस एका नियमाशी झगडले, जो कशालाच जुळत नव्हता. त्यांनी फोनवर विचारलं, फाईल बदलल्यावर सर्व्हरला पुन्हा वाचायला सांगितलं का? नव्हतं सांगितलं. ते हसले नाहीत, हे मला जास्त लागलं. सुवर्णाचं नाव ते काढत नसत, मीही नाही. दुसरीकडून कळलं की पुढच्या वर्षी तिचा मेडिकलचा नंबर थोडक्यात हुकला आणि ती जनावरांची डॉक्टर झाली. ऐकून मला हायसं वाटलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वाटलं होतं.

शेवटची भेट गेल्या हिवाळ्यातली. भाचीच्या लग्नाला नांदेडला गेले होते, म्हणून त्यांच्या घरी डोकावले. साखरेच्या आजारानं ते निम्मे झाले होते. गॅलरीत बसलो. कुणीतरी अर्धापूरहून केळ्यांचा अख्खा घड आणून दिला होता. त्यांना खायची बंदी, म्हणून ते मला आग्रह करत होते आणि मी खाताना बघत होते. मधेच म्हणाले, "किल्लारीकडं जाणं झालं का कधी?"

"नाही," मी म्हटलं. "कशाला जाणार?"

"हाव, ते बी खरं," ते म्हणाले, आणि दुसरं केळं माझ्यापुढं सरकवलं. मला तो प्रश्न कळला नव्हता, असं मी म्हणू शकते. पण कळला होता.

तेराव्याला मी नांदेडला गेले. घरात फार माणसं नव्हती. कुसुमवहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांच्याशेजारी तिशीतली एक बाई, सुती साडी, मनगटापर्यंत उन्हानं रापलेले हात. वहिनी म्हणाल्या, "ही सुवर्णा. ह्यांच्या आजारपणात लई केलं हिनं." मी तिला ओळखलं नव्हतं. तिनं मला ओळखलं होतं. जेवणं झाल्यावर ती गॅलरीत हात धुवायला गेली, तशी मीही मागं गेले. नळ चालू होता. मी म्हटलं, "सुवर्णा, तुझं पत्र त्या वर्षी ज्या नियमानं अडलं, तो नियम शेषेरावांनी लिहिला नव्हता. मी लिहिला होता."

तिनं नळ बंद केला. हात पदराला पुसले. "म्हाईत हाय मॅडम," ती म्हणाली. "सर आले त्याच दिवशी सांगितलं त्यांनी."

शेषेरावांची फाईलीत एक शिस्त होती. प्रत्येक नियमाच्या डोक्यावर एक ओळ लिहायची, कुणी लिहिला आणि कशासाठी. सर्व्हर ती ओळ वाचत नाही, ती माणसांसाठी असते. माझ्या नियमाच्या डोक्यावर माझं नाव मीच लिहिलं होतं. सुवर्णा सांगत गेली तसं कळलं, त्या सकाळी निघताना त्यांनी जुन्या फाईलीतलं ते पान छापून बरोबर नेलं होतं. ज्ञानोबांच्या ओसरीत बसून त्यांनी तो नियम वाचून दाखवला, मराठीत, मग वरची ओळ वाचली. "हे लिहिलं वैशाली मॅडमनं," ते म्हणाले होते. "तपासायचं काम माझं. मी तपासलं न्हाई. दोघांची चूक हाय. मी आलोय. त्या बी येतील."

"बाबा चिडले असतील," मी म्हटलं.

"पहिले दोन दिवस. मग न्हाई." ती गॅलरीच्या कठड्याकडं बघत होती. "सर म्हणले होते ना, त्या येतील म्हणून. मग बाबा वाट बघायचे. लातूरहून कुणी आलं की विचारायचे, मॅडम कशा हायेत, क्लासमधेच हायेत का. मी एकदा म्हणलं, बाबा, फोन लावून देते, बोला. तर म्हणले, फोनवर नको. त्यांना यायचंय, येऊ दे त्यांच्या वक्तानं."

"मी येते," मी म्हटलं. "बाबांना भेटायला येते. गावीच असतात ना?"

"बाबांना जाऊन दोन वर्षं झाली मॅडम."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेत होतं, तिचा आवाज बराच वेळ येत राहिला. इंदुबाईची गोष्ट मला ठाऊक होती. शेषेरावांनी ती मला कशासाठी सांगितली तेही तेव्हाच कळलं होतं. त्यांनी एकदा सांगितलं, एकदा विचारलं, आणि बारा-तेरा वर्षांनी केळं पुढं करता करता पुन्हा एकदा विचारलं. ह्याहून जास्त कुणी कुणासाठी काय करायचं असतं, मला माहीत नाही. मला त्यांचा राग आला. मग माझा आला. मग नुसतं रडू आलं. सुवर्णानं मला रडू दिलं, समजूत घातली नाही, त्याबद्दल मी तिची आभारी आहे.

निघताना ती चपला घालत म्हणाली, "आई हाय गावी. तिलाबी तो कागद वाचून दाखवला होता सरांनी. पंधरा दिवसांनी मी जाणार हाय, रविवारी. यायचं तर लातुरात स्टँडवर थांबा, मी गाडी घेऊन येते." मग तिला काहीतरी आठवलं. "फक्त एक हाय मॅडम. आईला आता ऐकू कमी येतं. जे सांगायचं ते मोठ्यानं सांगावं लागतंय, चार घरं ऐकतील एवढं. हळू बोललं की ती म्हणते, काय म्हणलीस, परत बोल."

मी म्हटलं, चालेल.

हे लिहून होईतो शनिवारची दुपार झाली आहे. उद्या सकाळी नऊला मला स्टँडवर पोचायचं आहे.